फुटबॉलचा पंच : एक कुळकथा

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा निराळी असावी. युनियनचे काम करण्यात ज्याची उमर गेली तो माणूस फार तर किमान वेतनावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, नाही तर जळगाव, धुळे, अमळनेर येथल्या बंद पडलेल्या गिरण्यांवर उसासे टाकील, असा त्यांचा समज. 'फुटबॉलचा पंच' असे मी सांगितल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा हातातल्या कागदाकडे पाहिले, आणि "बरं, बघा," एवढेच म्हटले. त्यांच्या सौजन्याबद्दल मी आभारी आहे. परंतु खरे सांगावयाचे तर मी माझा विषय सोडलेलाच नाही. दोन पक्ष भांडत असता निवाडा कोणी द्यावा, निवाडा देणाऱ्यास कोणी नेमावे, आणि तो चुकला तर दाद कोठे मागावी, हे तीन प्रश्न मी गेटवर, लेबर कमिशनरच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात जन्मभर चघळीत आलो. तेच तीन प्रश्न फुटबॉलच्या मैदानावर कसे सुटले वा सुटले नाहीत, एवढेच आज पाहावयाचे आहे. मी शाळेत फार शिकलो नाही. जे वाचले ते रात्री, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा विद्वानांनी सांभाळून घ्यावे. शेवटी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगावयाची आहे. ती नीट समजावी म्हणून आधी ही कुळकथा.

ऑक्टोबर १८६३ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न नावाच्या खानावळीत काही क्लबांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी आपल्या खानदेशात काय चालले होते? अमेरिकेत यादवी माजली होती, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि त्यामुळे आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. त्याच दशकात रेल्वे खानदेशात आली आणि कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेने थेट लिव्हरपूलला जाऊ लागल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लँकेशायरकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

त्या खानावळीत जमलेली मंडळी वकील, व्यापारी, मोठ्या निवासी शाळांतून शिकलेले तरुण, अशी होती. प्रत्येक शाळेचा खेळ वेगळा. कोणी चेंडू हातात घेऊन पळावे म्हणे, कोणी नको म्हणे. सर्वांत मोठा तंटा कशावरून झाला असेल? प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याचा हक्क असावा की नसावा यावरून! ब्लॅकहीथच्या क्लबाचे म्हणणे असे की, लाथ काढून टाकली तर खेळात मर्दपणा उरणार नाही. ते मत पडले व ब्लॅकहीथवाले उठून गेले; पुढे रग्बीवाल्यांत त्यांची गणना झाली. उरलेल्यांनी डिसेंबरमध्ये तेरा कलमे मंजूर केली.

ही तेरा कलमे मी अनेकदा वाचली आहेत. गोल कसा मोजावा, चेंडू बाहेर गेला तर काय करावे, बुटाच्या तळाला बाहेर आलेले खिळे नसावेत, सर्व काही त्यांत आहे. नाही तो फक्त पंच. त्याचे नावसुद्धा नाही. दंडाचेही नाव जवळजवळ नाहीच. कायदा करणाऱ्यांचे गृहीत असे की, खेळणारे सगळे सभ्य गृहस्थ. नियम मोडला गेला तर मोडणारा स्वतःच थांबेल, आणि मतभेद झाला तर दोन कप्तान मिटवतील. मालक-मजूर एकाच कुटुंबातील, त्यांना कायद्याची काय गरज, असे म्हणणारे शेटजी मी पाहिले आहेत. त्या शेटजींची आणि या तेरा कलमांची जात एकच. ज्यांच्यात खरी झुंज नाही, किंवा झुंज कबूल करावयाची नाही, त्यांना पंच नको असतो.

पुढे स्पर्धा निघाल्या, ढाली-करंडक आले, आणि सभ्यपणा पुरेना. तेव्हा प्रत्येक संघाने आपापला एक माणूस आणावा असे ठरले. याला अंपायर म्हणत. एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक. तेसुद्धा आपण होऊन काही बोलत नसत. क्रिकेटमध्ये ओरडून दाद मागतात तशी खेळाडूने मागितली तरच निकाल द्यावयाचा. आता आपल्या माणसाने आपल्याविरुद्ध निकाल द्यावा ही अपेक्षा किती दिवस टिकणार? दोघांचे जुळेना, म्हणून तिसरा माणूस आला. दोघांनी वाद ज्याच्याकडे सोपवावयाचा तो 'रेफरी'. १८८० च्या सुमारास कायद्यात त्याचे नाव आले. हा बिचारा मैदानाच्या बाहेर, हातात घड्याळ घेऊन उभा असे; दोघे अंपायर भांडू लागले म्हणजेच त्याला विचारीत.

आमच्या धंद्यातील मंडळींना ही रचना ओळखीची वाटेल. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरण्यांत तंटा झाला तेव्हा प्रथम जे लवाद मंडळ नेमले, त्यात मजुरांच्या बाजूने गांधीजी, वल्लभभाई पटेल व शंकरलाल बँकर असे तिघे, मालकांचे तिघे, आणि वर सरपंच म्हणून कलेक्टर, अशीच मांडणी होती. ते मंडळ मोडले, संप झाला, गांधीजींनी उपवास केला, आणि अखेर आनंदशंकर ध्रुव या एकाच माणसावर निवाडा सोपवण्यात आला. दोन बाजूंचे दोन, त्यांवर तिसरा, आणि शेवटी तिसरा एकटाच, हीच वाट फुटबॉलनेही चालली. १९४० च्या आपल्या लवाद कायद्यात तर समसंख्य लवाद असल्यास त्यांवर 'अंपायर' नेमावा असेच शब्द होते. या शब्दाचा मूळ अर्थ 'जोडीबाहेरचा, विषम' असा आहे, हे मला शब्दकोशाने शिकवले. मराठीची मौज आणखीच: आपण त्या एकट्याला 'पंच' म्हणतो, म्हणजे पाच! गावच्या पाच जणांचे तोंड त्या एका शिट्टीत आले असे आपण मानतो की काय, कोण जाणे.

आता लँकेशायर. इंग्लंडमध्ये १८५० च्या फॅक्टरी कायद्याने गिरण्यांतील स्त्रिया व मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले, आणि त्यांच्यावाचून माग चालेना म्हणून पुष्कळ ठिकाणी पुरुषही सुटू लागले. शनिवारची ती मोकळी दुपार फुटबॉलने भरून काढली. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला. एकीकडे राजपुत्रांच्या शाळेतून निघालेले गृहस्थ. दुसरीकडे विणकर, सूतगिरणीतला कामगार, लोखंडकाम करणारा, प्लंबर. एका ओतशाळेच्या मालकाने या संघाला सामन्यापूर्वी ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी नेऊन सराव करविला, याचा इटोनियन्सच्या बाजूला फार राग आला. खेळाचा सराव करणे हेच त्यांना असभ्यपणाचे वाटे! दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, खेळण्याबद्दल पैसे घेणे कायदेशीर झाले. आता खेळ हा एका बाजूला पोटाचा प्रश्न झाला. पोटाचा प्रश्न जेथे येतो तेथे 'सभ्य गृहस्थ असे करणार नाही' हे कलम चालत नाही.

हे कोणी ओळखले? एका गिरणीमालकाच्या मुलाने. आयर्लंडच्या आर्मा परगण्यात मिलफर्ड नावाचे गाव आहे. तेथे मॅक्रम कुटुंबाची तागाची, म्हणजे लिनन कापडाची, गिरणी होती. त्या घरातला विल्यम मॅक्रम गावच्या संघाचा गोलरक्षक होता. आयर्लंडच्या पहिल्याच लीगमध्ये, १८९०-९१ साली, मिलफर्डचा संघ चौदा सामने खेळला, चौदाही हरला व त्याने बासष्ट गोल खाल्ले. एवढे गोल पाठीमागून आणून देणाऱ्या माणसाला गोलसमोर काय काय लबाड्या चालतात याचे ज्ञान अवश्य झाले असणार. गोल होणार असे दिसले की बचाव करणारा सरळ पाय ओढी, नाही तर हाताने चेंडू अडवी. शिक्षा म्हणून मिळे ती साधी फ्री किक, आणि ती मारताना अख्खा संघ गोलरेषेवर भिंत करून उभा राही. मॅक्रमची सूचना अशी की, अशा वेळी फक्त गोलरक्षक समोर ठेवून बारा यार्डांवरून मोकळी लाथ मारू द्यावी. पेनल्टी ती हीच.

या सूचनेवर मोठे काहूर उठले. मोठ्या शाळांतले खेळाडू म्हणू लागले की, ही आमच्या कुळशीलाची निंदा आहे. आम्ही मुद्दाम पाय ओढू असे गृहीत धरून कायदा करणे म्हणजेच अपमान. तेवढ्यात फेब्रुवारी १८९१ मध्ये एफ. ए. कपच्या सामन्यात नॉट्स काउंटीच्या एका बचावपटूने स्टोकचा हमखास गोल हाताने रेषेवर अडवला. स्टोकला फ्री किक मिळाली, ती भिंतीत अडली, आणि स्टोक एका गोलाने हरले. अपराध करणारा जिंकला हे हजारोंनी डोळ्यांनी पाहिले. २ जून १८९१ रोजी पेनल्टीचा कायदा मंजूर झाला. त्याच वर्षी दोघे अंपायर मैदानाबाहेर रेषेवर गेले आणि लाइनमन झाले, व रेफरी आत आला. आणखी काही वर्षांत, खेळाडूने दाद मागावी आणि मगच पंचाने बोलावे, ही अटही गेली. म्हणजे आज आपण ज्याला पंच म्हणतो तो, कोणी न बोलावता शिट्टी वाजविणारा, आपण होऊन अन्याय पाहणारा माणूस, विणकर मैदानात उतरल्यानंतर जन्मला.

हीच वर्षे आपल्याकडे काय घेऊन आली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना जमवून आठवड्याला एक सुटी मागण्यास आरंभ केला होता. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटीचे कलम आले. त्याच १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला आणि पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. योगायोगाने एकाच वर्षी पेनल्टी, सुटी आणि रोव्हर्स! पण मुंबईच्या मजुराला रविवार मिळाला तरी रोव्हर्स त्याचा नव्हता. गोऱ्या पलटणींची ती स्पर्धा. पहिला हिंदी विजेता संघ, बंगलोर मुस्लिम्स, उगवावयास १९३७ साल उजाडले.

येथे आमचा दुसरा प्रश्न उभा राहतो. पंच तटस्थ, हे खरे. पण त्याला नेमतो कोण? १९११ साली मोहन बागानने कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. या विजयाचे पोवाडे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु स्पर्धा कोणाची, समिती कोणाची, शिट्टी कोणाच्या हाती, हे प्रश्न त्या एका विजयाने मिटले नाहीत. पुढे सूत्रे हिंदी लोकांकडे आल्यावरही तंटा राहिलाच. १९३९ साली मोहमेडन स्पोर्टिंग, ईस्ट बंगाल आदी क्लबांनी कारभारी मंडळाशी वाद करून लीगमधून अंग काढून घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई इलाख्यात औद्योगिक तंट्यांच्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला होता. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात खांद्याला खांदा लावून उतरले. त्या बिलाने समेटाची सक्ती केली होती व ती पाळल्यावाचून केलेला संप गुन्हा ठरत होता. पंच असावा याला मजुरांचा विरोध नव्हता. पंच सक्तीचा, आणि त्याला नेमण्यात आमचा आवाज नाही, यावर कटाक्ष होता. मैदान सोडून जाणारा क्लब आणि गेटबाहेर बसलेला कामगार यांची भाषा मला तरी एकच ऐकू येते.

पंचाची भाषा कळणे हाही एक मुद्दा आहे. १९६६ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा कप्तान रॅटिन याला जर्मन पंचाने बाहेर काढले. एकाला दुसऱ्याची भाषा येईना, कित्येक मिनिटे तो जागचा हलेना. त्या घोळावरून केन ॲस्टन या इंग्रज पंचाला रस्त्यावरचे दिवे पाहून पिवळ्या व तांबड्या कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७० साली मेक्सिकोत ती कार्डे निघाली. आमच्या १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यातही, आदेश बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत गेटवर लावावेत असे कलम होते. किती ठिकाणी लावलेले असत, ते विचारू नका.

कोल्हापूरकरांचे येथे नाव घेतले पाहिजे. आपल्या खानदेशात कुस्तीचा आखाडा गावोगाव, फुटबॉल मात्र पाहुणा. कोल्हापुरात आखाड्यांनीच फुटबॉल घरात घेतला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही संघांची नावेच पाहा. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ सामना असला की पंचाचे काम म्हणजे विस्तवाशी खेळ. ज्याला पंचगिरी शिकावयाची त्याने तेथे एक हंगाम काढावा.

आता कायद्यातले सर्वांत बिकट कलम, ऑफसाइडचे. कारण माझी चूक तेथेच आहे. कल्पना साधी आहे: गोलपाशी अगोदरच जाऊन ठाण मांडू नये. १८६३ साली चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक जण बाद. १८६६ मध्ये ठरले की, चेंडू दिला जात असता समोर प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण असले तर चालेल. पुढे बचाव करणारे इतके हुशार झाले की एक पाऊल पुढे टाकून समोरच्याला सापळ्यात धरीत. खेळ दर मिनिटाला थांबू लागला. म्हणून १९२५ साली तिनाचे दोन झाले. एका आकड्याचा परिणाम केवढा! इंग्लंडच्या लीगमध्ये आदल्या हंगामात ४७०० गोल झाले होते, ते पुढच्या हंगामात ६३७३ झाले. १९९० पासून मागून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीत असलेलाही चालतो. हे सर्व मला पाठ होते. परंतु कलमाच्या शेवटी एक बारीक ओळ आहे: गोल किक, कॉर्नर आणि थ्रो-इन यांतून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नाही. त्यातला थ्रो-इनचा अपवाद १९२० पासूनचा.

साल १९९८. धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात प्रजासत्ताक दिनानिमित्त सामने होते. अंतिम सामना कायम कामगार विरुद्ध कंत्राटी कामगार. पंच मी. नियमांचे इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलेला त्या आवारात मी एकटाच, म्हणून सर्वांनी एकमताने मला केले. मी कायम कामगारांच्या युनियनचा चिटणीस आहे याकडे कोणी बोट दाखवले नाही, आणि मीही नाही. बक्षीस होते एक ढाल, आणि जिंकणाऱ्या संघाला एक दिवसाची पगारी रजा. आमच्या कायम मंडळींना ती रजा म्हणजे वर्षाच्या रजांत आणखी एक. कंत्राटी पोरांना पगारी रजा ही वस्तूच ठाऊक नव्हती. काम नाही त्या दिवशी दाम नाही, हा त्यांचा स्थायी आदेश.

एकास एक बरोबरी. सहा-सात मिनिटे उरलेली. कंत्राटी संघाने लांब थ्रो-इन टाकली. लळिंगकडचा एक सडपातळ मुलगा आमच्या बचावाच्या मागे एकटा उभा होता, त्याने चेंडू छातीवर घेतला आणि शांतपणे गोलात घातला. मी शिट्टी वाजवली. ऑफसाइड. माझ्या मनात जराही संशय नव्हता, हेच आज अधिक बोचते. ती पोरे धावून आली नाहीत, कोणी अंगावर आले नाही. त्यांचा कप्तान, माझ्याहून वयाने मोठा, जवळ येऊन एवढेच म्हणाला, "भाऊ, पंच तुमना, मंग गोल आमना कसा व्हई?" पुढच्या तीन मिनिटांत कायम संघाने गोल केला.

त्या रात्री पुस्तक उघडले आणि ती बारीक ओळ दिसली. मी काय केले? दुसऱ्या दिवशी कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर जाऊन चूक कबूल केली. त्यांनी चहा पाजला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पंचालाही निकाल फिरवता येत नाही, हे कलम मी त्यांना वाचून दाखवले, आणि माझे समाधान करून घेतले. सामन्याचा अहवाल मात्र मी लिहिला नाही. क्रीडा समितीकडे चूक लेखी दिली असती तर युनियनची शोभा झाली असती. ते वर्ष कराराचे होते.

सात वर्षांनी, सप्टेंबर २००५ मध्ये, एक बातमी वाचली. विश्वचषकाच्या पात्रतेसाठी उझबेकिस्तान आणि बहारीन यांचा ताश्कंदला सामना झाला. उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला. पण लाथ मारण्यापूर्वी त्यांचाच एक खेळाडू आत घुसला होता. कायदा सांगतो, पेनल्टी पुन्हा मारा. जपानी पंचाने गोल रद्द करून बहारीनला फ्री किक दिली. उझबेकिस्तान तरीही एका गोलाने जिंकले. पण तीन-शून्य विजय मिळावा म्हणून त्यांनीच तक्रार केली. फिफाने तीन-शून्य दिले नाही. सामनाच रद्द करून पुन्हा खेळवला. तो बरोबरीत सुटला, परतीचा सामनाही बरोबरीत सुटला, आणि परक्या मैदानावर केलेल्या गोलाच्या जोरावर बहारीन पुढे गेले.

ही बातमी वाचून मी सुन्न झालो. कारण तो भेद मला कोर्टात पाठ होता आणि मैदानावर सुचला नव्हता. काय घडले यावर कामगार न्यायालयाने दिलेला निष्कर्ष हायकोर्ट सहसा ढवळीत नाही. पण कायदाच चुकीचा लावला असेल तर तेथे दाद लागते. फुटबॉलमध्येही तेच. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हात लागला की नाही, ही वस्तुस्थिती. तिच्यावर पंचाचा शब्द अखेरचा. २०१८ पासून व्हिडिओ पाहणारा पंच कायद्यात आला, तरी अखेरचा शब्द मैदानातल्याचाच. परंतु पंचाने नियमच उलटा लावला तर स्पर्धेच्या समितीपुढे जाता येते, सामना पुन्हा होऊ शकतो. माझी चूक डोळ्यांची नव्हती. त्या मुलाची जागा मी अचूक पाहिली होती. चूक कायद्याची होती. माझ्या सहीचा चार ओळींचा कागद समितीकडे गेला असता तर सामना पुन्हा व्हावा अशी मागणी तरी करता आली असती. ती मागणी करण्याचा हक्क त्या अकरा जणांचा होता, आणि 'काही करता येत नाही' असे सांगून मीच तो त्यांच्याकडून काढून घेतला होता.

२००५ मध्येच मी त्यांची चौकशी केली. ठेका केव्हाच बदलला होता. कप्तान गावी शेतमजुरीला लागला होता. त्याला बातमीचे कात्रण दाखवले, त्याने ते पुरते ऐकून घेतले आणि त्या वर्षीच्या कपाशीची गोष्ट काढली. गोल करणारा मुलगा सुरतेला मागावर गेला होता, पत्ता कोणाला नव्हता. ढाल अजून आमच्या युनियनच्या कचेरीत कपाटावर आहे. दर सव्वीस जानेवारीला कोणी तरी ती पुसून ठेवतो.